खाली मॉल, वर घर: पुण्यात घर घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खराडी, हडपसर, वाकड या भागांत ‘खाली मॉल, वर घरं’ अशा प्रकल्पांची चौकशी वाढली आहे. चौकशीला जाणारी माणसं नमुना फ्लॅट बघतात, भाव विचारतात, बाल्कनीतून डोंगर दिसतो का ते बघतात. पण अशा इमारतीत तुमचा सगळ्यात मोठा शेजारी मॉल असतो. त्याच्याशी तुमचं नातं कोणत्या कागदावर काय लिहून ठरलंय, हे मात्र बहुतेकांना ताबा मिळाल्यावर कळतं. खालची उत्तरं त्या कागदांकडे लक्ष वेधण्यासाठी आहेत.

मिश्र वापराचा प्रकल्प म्हणजे नेमकं काय?

एकाच जमिनीवर दुकानं, कार्यालयं, घरं, कधी हॉटेल असं सगळं एकत्र बांधलेलं संकुल. खाली रुंद पसरलेले तीन-चार मजले मॉलचे, त्या मजल्यांच्या छतावर बाग आणि पोहण्याचा तलाव, आणि त्या छतातून वर गेलेले टॉवर, ही त्याची नेहमीची रचना. त्या रुंद छताला पोडियम म्हणतात. हा शब्द पुढे बऱ्याचदा येईल.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हे पुण्याला नवं नाही. लक्ष्मी रस्त्यावर आणि पेठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललं आहे. फरक पडतो तो आकाराचा आणि मालकीचा. पेठेतल्या दुकानाला मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा नसते, की दिवसाला हजारोंनी येणारी गाड्यांची रांग नसते.

पुण्यात याचे वेगवेगळे नमुने बघायला मिळतात. सेनापती बापट रस्त्यावर पॅव्हिलियन मॉल, आयसीसी संकुलातली कार्यालयं आणि जेडब्ल्यू मॅरियट हॉटेल एकमेकांना लागून आहेत. औंधच्या वेस्टएंडमध्ये मॉल आणि कार्यालयं एकत्र आहेत. हडपसरला अमनोरा ही अख्खी टाउनशिप आहे, पण तिथला मॉल वेगळा उभा आहे आणि निवासी टॉवर वेगळे. परदेशातलं ठळक उदाहरण मलेशियाच्या राजधानीतलं, क्वालालंपूरचं. ४५२ मीटर उंचीच्या पेट्रोनास टॉवर्सच्या पायथ्याशी सूरिया केएलसीसी हा मॉल आहे. मात्र त्या जुळ्या टॉवरमध्ये कार्यालयं आहेत, घरं नाहीत. घरं आली की प्रश्न बदलतात, कारण कार्यालय संध्याकाळी रिकामं होतं आणि घरात माणूस रात्री झोपतो.

पुण्यात असे उंच टॉवर आताच का वाढले?

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्याप्रमाणे मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत, रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार पुरेसा असेल तर ४ पर्यंत एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळू शकतो. मेट्रोचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, रूबी हॉलपासून रामवाडीपर्यंतचा मार्च २०२४ मध्ये आणि स्वारगेटपर्यंतचा सप्टेंबर २०२४ मध्ये. स्थानकाजवळच्या जमिनीवर नुसती घरं बांधण्यापेक्षा खाली दुकानं आणि वर घरं करणं विकसकाला जास्त परवडतं.

उंचीला मात्र एक मर्यादा आहे. लोहगावचा विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे आसपासच्या इमारतींना उंचीचा ना हरकत दाखला लागतो. त्यात उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते आणि पुणे मुळातच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा उंच आहे. म्हणून दाखल्यावरचा आकडा बघून ‘सहाशे मीटरची परवानगी आहे’ असं कुणी सांगितलं तर भुलू नका. त्या आकड्यातून जमिनीची पातळी वजा करा. विक्रीला काढलेले वरचे मजले दाखल्यात बसतात का, हे तेवढ्याने कळतं.

मॉलच्या डोक्यावर घरं बांधणं सुरक्षित असतं का?

नीट आरेखन केलेलं असेल तर हो. अडचण कुठे आहे ते समजून घ्या. मॉलला मोकळी जागा हवी असते, म्हणून खांब आठ-दहा मीटर अंतरावर ठेवतात. घरांना भिंती जवळजवळ लागतात. वरच्या भिंती आणि खालचे खांब एका रेषेत येत नाहीत, म्हणून मध्ये एक अतिशय जाड स्लॅब किंवा भक्कम तुळयांचा मजला घालतात आणि वरचं वजन त्यावरून खालच्या खांबांवर वळवतात. याला ट्रान्स्फर फ्लोअर म्हणतात. भूकंपात सगळ्यात जास्त ताण येतो तो अशा बदलाच्या जागी. २००१ च्या भूज भूकंपात खाली मोकळे खांब आणि वर भरीव मजले असलेल्या अनेक इमारती खालच्याच मजल्यात बसल्या.

भूकंपविषयक मानक आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे तिसऱ्या क्षेत्रात आहे, म्हणजे मध्यम जोखमीत. ५० मीटरपेक्षा उंच काँक्रीट इमारतींसाठी आयएस १६७०० हे वेगळं मानक २०१७ मध्ये आलं. विक्री कार्यालयात तीन गोष्टी विचारा: स्ट्रक्चरल डिझायनर कोण, आरेखन आयएस १६७०० प्रमाणे आहे का, आणि दुसऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाने ते तपासलं आहे का. प्रामाणिक विकसक याची उत्तरं लेखी देतो. ‘आमचा अनुभव बघा’ हे या प्रश्नाचं उत्तर नाही.

ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर रेरा (घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणाऱ्या) कायद्याच्या कलम १४ नुसार विकसकाने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो.

मॉलला आग लागली तर वरच्यांचं काय?

मुंबईत नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला ऑक्टोबर २०२० मध्ये लागलेली आग दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत होती आणि शेजारच्या टॉवरमधल्या सुमारे साडेतीन हजार लोकांना रातोरात बाहेर काढावं लागलं. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली. त्या मॉलच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय होतं आणि तिथे रुग्णांचे जीव गेले. दोन्ही ठिकाणी आग दुकानांत लागली आणि झळ पोचली ती दुकानांशी संबंध नसलेल्या माणसांपर्यंत.

मॉलमध्ये जळणारा माल जास्त, मोकळ्या चौकातून धूर वर चढतो, आणि रात्री दुकानं कुलूपबंद असल्याने आग उशिरा लक्षात येते. म्हणून घरांचे जिने मॉलच्या आतून जाता कामा नयेत. ते थेट बाहेर, मोकळ्या हवेत उघडले पाहिजेत. मॉल आणि घरांच्या मधली विभागणी आगरोधक हवी, आणि ज्या उभ्या पोकळ्यांतून केबल आणि पाइप वर जातात त्या प्रत्येक मजल्यावर बंद केलेल्या हव्यात. धूर बहुतेक वेळा याच पोकळ्यांतून वर पोचतो. साइटवर गेलात की एखाद्या मजल्यावरचं शाफ्टचं दार उघडून दाखवायला सांगा.

२४ मीटरच्या वर रिफ्यूज एरिया लागतो, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा. तिथे सोसायटीचं कार्यालय, व्यायामशाळा किंवा अडगळ ठेवणं हा गुन्हा समजा. अग्निशमन गाडीच्या वाटेचंही तसंच. ही वाट सहा मीटर रुंद आणि ४५ टन वजन पेलणारी असावी लागते. गाडी पोडियमवर चढणार असेल तर तो स्लॅब तेवढं वजन पेलतो का, हे आराखड्यात लिहिलेलं असतं. ते बघा.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. घरांसाठी सोसायटी देते, मॉलसाठी मॉलचा मालक. तुमच्या सोसायटीला मॉलच्या प्रमाणपत्राची प्रत दर सहा महिन्यांनी मिळेल, अशी अट करारात घालून घ्या. मला ही अट क्लब हाउसपेक्षा शंभर पट मोलाची वाटते.

घरं आणि मॉल यांचे रस्ते, लिफ्ट, तळघर वेगळे असतात का?

असले पाहिजेत. पण नकाशात वेगळे दाखवलेले रस्ते प्रत्यक्षात एकाच रॅम्पवर येऊन मिळतात. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी जा आणि त्याच विकसकाच्या किंवा तशाच एखाद्या चालू मॉलच्या दाराशी अर्धा तास उभे राहा. गाड्यांची रांग मुख्य रस्त्यापर्यंत आली असेल, तर तुमच्या घरी येणारी रुग्णवाहिकाही त्याच रांगेत अडकणार आहे.

पार्किंगबाबत कायदा स्पष्ट आहे. स्टिल्टखालची (इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावरची) किंवा उघडी जागा विकसकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद खटल्यात दिला. रेराखाली मात्र बंदिस्त गॅरेज किंवा मंजूर आराखड्यातलं आच्छादित पार्किंग विकता येतं. महारेराने (रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) २०२४ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण करारात लिहिलेलं हवं. मिश्र प्रकल्पात आणखी एक प्रश्न जोडा: हे तळघर मॉलच्या नावावर मंजूर आहे की घरांच्या? मॉलसाठी मंजूर झालेली जागा रहिवाशांना ‘वापरायला’ दिली असेल, तर ती उद्या काढून घेतली जाऊ शकते.

मेंटेनन्सची विभागणी कशी होते? मॉलचा खर्च आमच्या माथी येतो का?

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. जनरेटर, आग विझवायचे पंप, पाण्याच्या टाक्या, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, रॅम्प, आवारातले दिवे, सुरक्षारक्षक यांपैकी बरंच काही सामाईक असतं. मॉल जास्त वापरतो, पण सभेत हात वर करणारी माणसं घरांची जास्त असतात. किंवा उलट, जागेच्या हिशेबाने मॉलचं मत जड असतं आणि शेकडो कुटुंबांचं म्हणणं हलकं पडतं. दोन्ही परिस्थितींत कुणाला तरी अन्याय वाटतो.

यावर उपाय आधीच करायचा असतो. कोणती यंत्रणा फक्त घरांची, कोणती फक्त मॉलची आणि कोणती सामाईक, याची यादी आणि प्रत्येक सामाईक यंत्रणेच्या खर्चाचं प्रमाण करारनाम्याच्या परिशिष्टात असावं. विजेसाठी आणि पाण्यासाठी उपमीटर असावेत. ‘विकसक वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे’ हे वाक्य दिसलं तर ते खोडून घेतल्याशिवाय सही करू नका.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान असतं. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. अपार्टमेंट कायद्याखाली मात्र खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, त्यामुळे मोठ्या फ्लॅटला जास्त पडतो. मासिक रक्कम साडेसात हजारांच्या वर गेली आणि संस्थेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर असली, की १८ टक्के जीएसटीही लागतो. उंच टॉवरमध्ये हा टप्पा सहज ओलांडला जातो. घराच्या हप्त्याचा हिशेब करताना तो धरा.

पोडियम कोणाचा? तिथे गणपती बसवता येईल का?

वरवर साधा वाटणारा हा प्रश्न फार खोलात जातो. पोडियम म्हणजे मॉलचं छत आणि तुमचं अंगण. बागेला पाणी घातलं आणि ते खालच्या दुकानात गळलं, तर दुरुस्ती कुणी करायची? दुकानदार म्हणतो पाणी तुमचं, सोसायटी म्हणते स्लॅब तुमचा. वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं तर बागेची माती आणि फरशी उचलावी लागते, आणि तो खर्च किरकोळ नसतो. स्लॅब, त्यावरचा थर आणि वरची बाग या तिन्हींची जबाबदारी कुणाची, हे करारात वेगवेगळं लिहून घ्या.

पोडियमवर गणपती बसवायला, दिवाळीत मुलांनी किल्ला करायला, कोजागिरीला जमायला रहिवाशांचा वापराचा हक्क नोंदलेला हवा. कित्येक ठिकाणी पोडियमचा काही भाग मॉलच्या उपाहारगृहांना ‘ओपन एअर’ बैठकीसाठी राखून ठेवलेला असतो आणि ते नकाशाच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. मंडप घालताना अग्निशमन गाडीची वाट मोकळी सोडायची, हे सांगायला नकोच.

जमीन शेवटी कोणाच्या नावावर होते?

पुण्यात दोन मार्ग दिसतात: १९६० च्या कायद्याखाली सहकारी गृहनिर्माण संस्था, किंवा १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली अपार्टमेंट. अपार्टमेंटमध्ये तुमच्या फ्लॅटबरोबर जमिनीतला ठरावीक टक्के हिस्सा तुमच्या नावाच्या डीडमध्ये येतो. संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते.

मोठ्या संकुलात प्रत्येक टॉवरची वेगळी संस्था आणि सगळ्यांचं मिळून एक शिखर मंडळ किंवा फेडरेशन असतं. महाराष्ट्राच्या रेरा नियमांप्रमाणे ५१ टक्के घरांचं बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत संस्था स्थापन करायची असते. टॉवरचं अभिहस्तांतरण (मालकी नावावर करून देणं) त्याच्या भोगवटा प्रमाणपत्रानंतर (इमारत वापरायला योग्य असल्याच्या सरकारी दाखल्यानंतर) तीन महिन्यांत, पण जमिनीचं अभिहस्तांतरण शिखर मंडळाला होतं ते शेवटच्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रानंतर. ‘शेवटची इमारत’ हे शब्द नीट वाचा. एखादा टॉवर दहा वर्षं रखडला, तर जमीनही तितकी वर्षं विकसकाच्या नावावर राहू शकते. विकसकाने टाळाटाळ केली तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकसकाच्या सहीशिवाय मालकी नावावर करून घेण्याचा, अर्ज करता येतो.

मॉल बहुधा विकसक स्वतःकडे ठेवतो आणि दुकानं भाड्याने देतो. तसं असेल तर तो तुमचा विकसकही असतो आणि कायमचा शेजारीही. शिखर मंडळात मॉलला किती मतं आणि कोणत्या विषयांवर, हे आधी विचारा. माझ्या मते सगळ्या कागदांतला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो.

बुकिंगनंतर विकसक आराखडा बदलू शकतो का? ‘पुढे आणखी एक टॉवर येईल’ असं सांगतात.

मंजूर आराखड्यात मोठा बदल करायला स्वतः विकसक सोडून दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. किरकोळ बदलांना तेवढं लागत नाही. अडचण अशी की मॉल, पहिला टॉवर, दुसरा टॉवर हे महारेरावर वेगवेगळे प्रकल्प म्हणून नोंदलेले असू शकतात आणि संमती त्या त्या प्रकल्पापुरती मोजली जाण्याचा धोका असतो. म्हणून फक्त तुमच्या टॉवरचं नाही, तर संपूर्ण जमिनीचा मंजूर लेआउट मागा. शिल्लक एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकामाचा हक्क) कुणाचा, हे करारात वाचा. करारावरच छापलेली आगाऊ संमती म्हणजे कोऱ्या कागदावर सही केल्यासारखं आहे.

ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करून नोंदणी, आराखडे, खटले आणि दर तिमाहीची प्रगती बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

आवाज, वास, रात्रीचे ट्रक?

मॉलमध्ये माल रात्री उतरतो. छतावर किंवा पोडियमजवळ चिलर आणि कूलिंग टॉवर असतात, त्यांची घरघर थांबत नाही. फूड कोर्टच्या स्वयंपाकघरांचा धूर कुठेतरी सोडावाच लागतो. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाला दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल अशा मर्यादा आहेत. मिश्र भागाचा वर्ग प्रशासन ठरवतं, म्हणून तुम्हाला निवासी मर्यादा आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका. त्यात महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याने दुकानं वर्षभर, दिवसरात्र उघडी ठेवायची मुभा दिली आहे.

पहिले चार-पाच निवासी मजले, आणि माल उतरवायच्या फाटकावरची बाजू, शक्यतो टाळा. भाव थोडा कमी असतो तो याच कारणाने.

पाणी पुरेल का? सांडपाणी आणि कचऱ्याचं काय?

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांची क्षमता मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पण महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांत जलवाहिनी पोचली आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. तिथे टँकर हे अनेक संकुलांचं रोजचं वास्तव आहे, आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं.

२० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या पत्रात पाण्याचा ताळेबंद, सांडपाणी प्रकल्पाची क्षमता, झाडांची संख्या सगळं असतं. ते पत्र वाचा. विक्री माहितीपत्रकापेक्षा ते खूप जास्त खरं बोलतं. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला, बागेला आणि मॉलच्या कूलिंग टॉवरला वापरता येतं. मॉल ते घेणार असेल तर सगळ्यांचाच फायदा आहे. कचऱ्याबाबत, दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा जागेवर जिरवायचा असतो. फूड कोर्टचा आणि घरांचा खड्डा वेगळा ठेवा.

कर आणि शुल्क किती धरायचे?

बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर जीएसटी नाही. दुकानाचं गणित वेगळं आहे: प्रकल्पातलं व्यापारी चटई क्षेत्र एकूण चटई क्षेत्राच्या १५ टक्क्यांपर्यंत असेल तर दुकानालाही ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर जमिनीची वजावट धरून १२ टक्के पडतात. मॉलवाल्या प्रकल्पात व्यापारी वाटा बहुधा १५ टक्क्यांच्या वर जातो.

पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. ही सवलत दुकानाला नाही. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची.

राहायला गेलात की पुणे महापालिकेत पीटी-३ अर्ज भरा. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते आणि अर्ज न केल्याने ती हुकते. वाकडसारखा भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतो, तिथले नियम वेगळे.

गुंतवणूक म्हणून मॉलमधलं दुकान घ्यावं का?

माझं उत्तर सहसा ‘नको’ असं असतं. यशस्वी मॉलमध्ये मालक एकच असतो. कोणत्या मजल्यावर कोणतं दुकान, मोठं वस्त्रदालन कुठे, सिनेमागृह कुठे, हे तो ठरवतो आणि भाडं विक्रीच्या टक्केवारीशी जोडतो. दुकानं सुटी सुटी विकली की प्रत्येक मालक आपल्याला परवडेल त्याला भाड्याने देतो, मोठे ब्रँड यायला कचरतात, गर्दी ओसरते. ठरावीक परताव्याची हमी देणाऱ्या योजनांपासून तर लांबच राहा. ती हमी विकसकाच्या खिशाएवढीच टिकते.

मॉलमधून उत्पन्न हवंच असेल तर शेअर बाजारात नोंदलेला रीट (भाड्याने दिलेल्या मालमत्तांचा मालक असलेला गुंतवणूक ट्रस्ट) हा एक रस्ता आहे. मे २०२३ मध्ये नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट हा देशातला पहिला मॉलचा रीट आला आणि औंधचा वेस्टएंड त्यात आहे. भाव त्याचाही खालीवर होतो.

आई-वडील वयस्क आहेत. त्यांना असं घर सोयीचं पडेल का?

बऱ्याचदा फार चांगलं पडतं. औषधं, बँक, किराणा लिफ्टने खाली उतरलं की मिळतं, मे महिन्याच्या उन्हात किंवा पावसात मॉलमध्ये फेरफटका मारता येतो, आणि आजूबाजूला माणसं असतात. हे सुख खरं आहे आणि मी ते कमी लेखणार नाही. फक्त स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट आहे का, वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का आणि घराच्या लॉबीतून रिक्षापर्यंत पायऱ्या किती, हे त्यांना बरोबर नेऊनच बघा. ज्यांना गुडघेदुखी आहे त्यांच्यासाठी पंचविसाव्या मजल्यापेक्षा आठवा बरा. आग लागली तर लिफ्ट बंद असते.

ताबा घेण्याआधी कोणता कागद हवाच?

भोगवटा प्रमाणपत्र. मॉलचं नव्हे, तुमच्या टॉवरचं आणि तुमच्या मजल्याचं. अंशतः भोगवटा असेल तर कोणते मजले त्यात आहेत ते वाचा. ‘फर्निचर करायला चावी देतो’ म्हणून दिलेला ताबा घेऊ नका. त्याने तुमची बाजू कमकुवत होते.

तक्रार कुठे करायची?

ताब्याला उशीर, कबूल केलेल्या सोयी न देणं, आराखड्यातला बदल या गोष्टी महारेराकडे, ५,००० रुपये शुल्क भरून ऑनलाइन. उशिराबद्दल पैसे परत मागता येतात, किंवा घर ठेवून स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या आधारदरापेक्षा) २ टक्के जास्त दराने व्याज मागता येतं. त्याआधी महारेराच्या सलोखा मंचाकडे जाता येतं, त्याची पुण्यातही सोय आहे, आणि चालू प्रकल्पात कित्येकदा तिथेच मार्ग निघतो. संस्थेचा कारभार, हिशेब, निवडणूक हे उपनिबंधकांकडे. आगीची वाट अडवली किंवा रिफ्यूज एरिया बंद केला तर अग्निशमन विभागाकडे लेखी, आणि पोचपावती घेऊन. बेकायदा बांधकामासाठी आधी बघा इमारत कोणाच्या हद्दीत आहे: पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड की पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). हिंजवडीची तक्रार पुणे महापालिकेत नेऊन उपयोग नाही, ती पीएमआरडीएकडे जाते.